लेखनावरून फिरणारा दुसरा हात

दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, नाशिकमध्ये मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात आणि त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते: हल्ली कुणाला धड मराठी लिहिता येत नाही. तक्रार खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो असे मला वाटते. पूर्वीचे लिहिणारे सगळेच जात्या शुद्ध आणि नेटके लिहीत नव्हते. त्यांचा मजकूर वाचकाच्या हाती पडण्याआधी आणखी एकदोघांच्या नजरेखालून जायचा. लेखनाचा दर्जा त्या दुसऱ्या हाताने राखला होता.

ही पद्धत छापखान्यापेक्षा कितीतरी जुनी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या, तेव्हा ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते स्वतः गेले आणि ऐकलेली लीळा स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतली. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, असा विचारून, तपासून तयार झाला.

रोजचे व्यवहाराचे लेखन मात्र मोडी लिपीत चालायचे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या जुन्या वह्या पाहिल्या तर याची कल्पना येते. यजमानाने आपले नाव, गाव, भाऊबंद लिहायचे, खाली सही करायची. ओळीत शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नाही. तरी काही अडायचे नाही, कारण वाचणाऱ्याला मजकुराचा साचा तोंडपाठ असायचा. अनोळखी माणसासाठी अनोळखी विषयावर लिहायची वेळ आली, तेव्हा हा साचा अपुरा पडला.

ती वेळ वृत्तपत्रांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी आणली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२मध्ये निघाले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, आपले ‘सावाना’, १८४०चे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही सामग्री मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने. विरामचिन्हांवरचे त्यांचे पुस्तक १८५०चे आहे. सरकारी शालेय पुस्तकांची भाषा कँडी आणि त्यांच्या हाताखालचे पंडित तपासत. मराठी गद्याला शिस्त लागली ती या तपासणीतून, आणि इंग्रजी वळणही तिथूनच लागले. १८७४मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर होता आणि त्यात या भाषांतरी मराठीवर त्यांनी कोरडे ओढले. ते दुखणे आजही गेलेले नाही. ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार आहे’ असे लिहिले जाते, तेव्हा ‘दुरुस्तीमुळे शनिवारी पाणी येणार नाही’ एवढेच सांगायचे असते. पहिल्या वाक्यात दिवस नाही, कारण नाही आणि पाणी बंद करणाराही नाही.

नाशिकशी जोडलेला एक प्रसंग मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो. १८७८मध्ये न्यायमूर्ती रानड्यांची बदली नाशिकला झाली. लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती; रानड्यांनी त्यांना घरी शिकवले. रमाबाई पहिल्यांदा सभेत बोलल्या त्या नाशिकच्या हायस्कुलात, आणि ते भाषण लिहून दिले होते रानड्यांनी. पुढे १९१०मध्ये, पती जाऊन नऊ वर्षे झाल्यावर, रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक आले. त्यातली भाषा सरळ, घरगुती, ऐकू येणारी आहे. भाषण लिहून घेणारी बाई स्वतःच्या आवाजात लिहू लागली, यामागे वर्षानुवर्षांचे वाचन आणि कुणीतरी शेजारी बसून केलेली दुरुस्ती होती.

छापखान्यांच्या काळात या दुसऱ्या हाताला नाव आणि पगार मिळाला. जुळारी एकेक खिळा लावून मजकूर जुळवायचा. गॅली प्रूफ, म्हणजे तपासणीसाठी काढलेला कच्चा छाप, निघाले की मुद्रितशोधक मूळ प्रतीशी ते ताडून पाहायचा. रीत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून पुढे सरकायचे. मोठ्याने वाचताना लांबलेले वाक्य धाप लागून कळते, कर्ता हरवला की जीभ अडते. म्हणजे शुद्धलेखनाबरोबर वाक्यरचनाही तपासली जायची, जरी काम ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणून ठरलेले असले तरी.

त्याच्याही वर संपादक. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी मसुद्यावर चर्चा करत, कथा पुन्हा लिहायला सांगत. मासिक १९८२मध्ये बंद पडले. आपण कथांविषयी पुष्कळ बोलतो, त्या कथांसाठी झालेल्या पत्रव्यवहाराविषयी फार कमी.

नियमांची घडीही याच काळात बसली. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, १९७२मध्ये आणखी चार आले. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ‘गति’ची ‘गती’ झाली. जुन्या वळणाच्या आजोबांचे पत्र अशुद्ध वाटते ते बऱ्याचदा यामुळे. त्यांच्या शाळेत तेच शुद्ध होते.

१९८९मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचे आवार उभे राहिले. इथे लेखनापुढे वेगळाच प्रश्न होता. समोर शिक्षक नाही, विद्यार्थी शेतावरून किंवा कारखान्यातून येऊन रात्री एकटा वाचणार. अडले तर लगेच विचारायची सोय नाही. म्हणून घटकाच्या आरंभीच काय शिकायचे ते सांगणे, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न देणे, अशी पुस्तके घडवावी लागली. वाचक नेमका कुठे अडेल याचा विचार लिहिण्याआधी करायचा, हा मला नाशिकने मराठी गद्याला दिलेला मोठा धडा वाटतो. त्याची दखल साहित्याच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले, खिळे गेले आणि त्यांच्याबरोबर मुद्रितशोधकाची खुर्चीही बऱ्याच ठिकाणी गेली. युनिकोडमुळे फोनवर मराठी लिहिणे सोपे झाले. ज्यांनी शाळेनंतर चार ओळी लिहिल्या नव्हत्या ते आज लिहितात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लिहिणे आणि प्रसिद्ध करणे यांत आता एका बोटाचे अंतर उरले आहे. फोन चुकलेला शब्द दाखवतो, चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द त्याला कळेलच असे नाही. ‘जागतिक महिला दीन’ फलकावर तसाच लागतो, कारण ‘दीन’ हाही शब्दच आहे. कर्ता हरवलेले वाक्यही बिनबोभाट निघून जाते.

हौशी लेखकाला पगारी संपादक परवडणार नाही, हे उघड आहे. त्याने निदान घरातल्या कुणाला तरी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. संस्थांची गोष्ट वेगळी. दिवाळी अंक, स्मरणिका, वार्षिक अहवाल काढणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई आणि मुखपृष्ठाचा खर्च धरलेला असतो. मुद्रितशोधनाचे मानधन त्यात स्वतंत्र ओळ म्हणून आले पाहिजे, आणि शोधकाचे नाव अंकाच्या श्रेयपानावर छापले गेले पाहिजे.