पाणी किती प्यायचं? आत गेलेलं नव्हे, बाहेर पडलेलं मोजा

‘रोज आठ ग्लास पाणी’ या नियमाचं मूळ बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत आहे. दिवसाला अडीच लिटर, असं तिथे म्हटलं होतं. त्यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं, हे पुढचं वाक्य मात्र लोक सोयीस्कर विसरले. भात, आमटी, ताक, चहा, सगळं त्यात धरायचं.

आणि मे महिन्यात तुर्भ्याच्या एपीएमसीत पोती वाहणारा माथाडी व महापेच्या एसी ऑफिसातला इंजिनीअर, दोघांना एकच आकडा कसा पुरणार? खाडीकाठच्या दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. अंग गार होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. त्यासोबत मीठही जातं. तेव्हा नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा अधूनमधून मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत बरं.

मुतखड्याचं गणित वेगळं. लघवी दाट झाली की कॅल्शियम आणि ऑक्झलेटचे स्फटिक जमू लागतात. म्हणून इथे मोजायची ती लघवी: दिवसाला किमान अडीच लिटर. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत पहिला खडा होऊन गेलेल्यांचे दोन गट केले होते. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. फुकटचं औषध म्हणायला हरकत नाही.

ठाणे-पनवेल लोकलने जाणाऱ्या कित्येकजणी स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने सकाळपासून पाणीच टाळतात. त्यांना ‘पाणी प्या’ सांगून काय उपयोग? पण वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त प्यायल्यावर तो त्रास जवळपास निम्म्यावर आला, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं.

हृदय कमजोर असलेल्यांना आणि डायलिसिसवाल्यांना मात्र डॉक्टर पाणी मोजून देतात. तिथे शेजाऱ्यांचा ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला अंगाशी येतो. निरोगी मूत्रपिंडंही तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकतात. त्याहून वेगाने तासन्‌तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात.

बाकीच्यांना तहान पुरेशी आहे. म्हातारपणी ती मंदावते, म्हणून आजी-आजोबांना आठवण करावी लागते. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर तो भडक पिवळा रंग गोळीचा, त्यासाठी तांब्या उचलू नका.