ट्रॅक एकत्र करण्यामागचा इतिहास

नाशिक ढोल आठ ट्रॅकच्या डिजिटल रेकॉर्डरवर घ्यायला बसलं की ट्रॅक (एकेका माइकचा आवाज वेगळा साठवणाऱ्या पट्ट्या) लगेच संपतात. ढोलांना तीन-चार माइक, ताशांना दोन, शिवाय झांजा. गाणाऱ्यासाठी जेमतेम एखादाच उरतो. अशा वेळी वाद्यांचे ट्रॅक मिसळून दोनांवर उतरवतात आणि मोकळे झालेले पुन्हा वापरतात. याला बाउन्स करणं म्हणतात, आणि ते डिजिटलच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे.

१९४० च्या दशकात अमेरिकन गिटारवादक लेस पॉल तबकडीवरचं वादन ऐकत त्यावर नवं वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे. दर उतरवणीला आवाज मंदावतो, म्हणून कमी महत्त्वाचे भाग ते आधी वाजवत. १९५७ मध्ये त्यांच्याकडे अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप यंत्र आलं. इतरांना मात्र एवढे ट्रॅक मिळाले नव्हते. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६३ पासून काही वर्षं बीटल्सचं काम चार ट्रॅकवर चाललं. ते भरले की एका टेपवरून दुसऱ्या टेपवर मिसळून जागा केली जाई.

१९७९ मध्ये टीॲक कंपनीचा पोर्टास्टुडिओ हा रेकॉर्डर आला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरी घेता येऊ लागले. तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवायचे आणि ते तिन्ही परत भरायचे. पण दर वेळी टेपची खरखर वाढे आणि वरचे सूर बोथट होत. ढोलाचा घुमार यातून निभावला असता. ताशाची कडकड मात्र पहिल्याच उतरवणीत मऊ पडली असती. आणि जुन्यावर नवं भरलं की मागे फिरायला वाट नाही.

१९९६ च्या सुमारास रोलँडच्या व्हीएस-८८० सारखे हार्ड डिस्कवाले रेकॉर्डर आले आणि खरखरीचा प्रश्न मिटला. त्यात प्रत्येक ट्रॅकमागे आठ आभासी ट्रॅक (एका वेळी एकच वाजणारे पर्याय) होते, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण जपून बाउन्स करता येऊ लागलं. मला हीच खरी क्रांती वाटते. नवा धोका एकच: सगळे ढोल एकाच ठोक्यावर पडले की पातळ्यांची बेरीज शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटलच्या कमाल मर्यादेच्या, वर जाते आणि आवाज फाटतो. म्हणून मिसळण्याआधी फेडर (पातळी ठरवणाऱ्या सरकत्या कळा) खाली घ्यावे लागतात.

ट्रॅक मोकळे झाले म्हणजे रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर जागा झाली, असं मात्र नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा (सीडीच्या दर्जाचा) एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ५ एमबी घेतो. सहा ट्रॅक दोनांवर उतरवले की आधी मिनिटामागे १० एमबी वाढतात. जुने सहा पुसल्यावर ३० परत मिळतात. पुसण्याआधी ते संगणकावर उतरवून ठेवावेत, कारण बाउन्स केलेल्या मिश्रणातून एकटा ताशा पुढे आणता येत नाही.