डॉट ५ आणि डॉट ५.१ : आकड्याला भुलू नका

"डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ चीच सुधारित आवृत्ती." डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत सांगणारा शिक्का, आणि त्याबद्दलचं हे वाक्य पुन्हा वाचलं की माझं डोकं फिरतं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या कार्ब्युरेटरची कुंडली तोंडपाठ असलेली माणसंही ब्रेक ऑइलच्या बाटलीवरच्या आकड्याला फसतात. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉल घराण्यातली भावंडं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, त्याचा या घराशी संबंध नाही.

ग्लायकॉल तुम्हाला ठाऊकच आहे : हवेतला ओलावा शोषतं, बॉनेटवर सांडलं तर रंग सोलतं, ठरावीक काळाने बदलावं लागतं. ५.१ तसंच, फक्त उकळबिंदू चढा (कोरडं असताना किमान २६० अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०) आणि कडाक्याच्या थंडीत जास्त पातळ. डॉट ४ मध्ये मिसळलं तरी चालतं.

खरी गोची पुढे आहे. सिलिकॉन पाणी शोषत नाही, हे अगदी खरं. पण त्यावरून लोक 'पाण्याची कटकट मिटली' असं धरून चालतात. मिटत नाही! ओलावा ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या हवेच्या छिद्रातून आणि रबरी होजमधून आत येतच राहतो. ग्लायकॉलमध्ये तो विरघळून सगळीकडे पसरतो आणि उकळबिंदू हळूहळू उतरतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावरही डॉट ४ चा उकळबिंदू किमान १५५ अंश असावा लागतो. सिलिकॉनमध्ये पाणी थेंबाचा थेंबच राहतं. सिलिकॉन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तो थेंब सर्वांत खालच्या जागी, म्हणजे बहुधा कॅलिपरमध्ये (चाकाजवळ ब्रेकची डिस्क दाबून धरणाऱ्या भागात), जाऊन बसतो. सर्वांत तापणारी जागाही नेमकी तीच. उभ्या गाडीत तो तिथे गंज चढवतो आणि लांब घाट उतरताना शंभर अंशांच्या आसपास त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल थेट तळाला!

शिवाय सिलिकॉन हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवतं. बाटली हलवून भसाभस ओतलं तर कितीही ब्लीडिंग करा (म्हणजे नळ्यांतली हवा काढा), पेडल लिबलिबीतच.

विकत घेतलेल्या गाडीत काय भरलंय हे रंगावरून ठरवू नका. डॉट ५ चा जांभळा रंग कालांतराने उडतो. काचेच्या बाटलीत थोडं ऑइल आणि थोडं पाणी घालून हलवा. एकजीव झालं तर ग्लायकॉल. पाणी खाली, ऑइल वर असे दोन थर पडले तर सिलिकॉन.

माझं मत विचाराल तर चालवायच्या गाडीत साधं डॉट ४, वेळेवर बदललेलं. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला ५.१ चीही फारशी गरज पडत नाही. सिलिकॉन फक्त प्रदर्शनाच्या गाडीत, जिचा रंग जपायचाय. तेही मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा भाग) कॅलिपरपर्यंत सगळे सील आणि होज नवे, पाइप आतून कोरडे असतील तरच. जुनं ग्लायकॉल काढून त्याच सीलवर सिलिकॉन ओतणं हा शुद्ध आळस आहे. आणि भरलंच, तर टाकीच्या झाकणाला 'सिलिकॉन' अशी चिठ्ठी बांधा, नाहीतर पुढचा मेकॅनिक पातळी कमी दिसली की बिनदिक्कत डॉट ४ ओतेल.