लिओनिदास की सीरिया? फिजीच्या दोन जहाजांचा घोळ

फिजीच्या गिरमिटियांचा, म्हणजे करारानं मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, पहिलंच जहाज खडकावर आपटलं आणि माणसं बुडाली. नाही हो. पहिलं जहाज लिओनिदास, ते फुटलं-बिटलं नाही. फुटलं ते सीरिया, पाच वर्षांनंतरचं. घोळ होतो त्याला कारण आहे म्हणा, दोन्ही शिडाची, दोन्ही कलकत्त्याहून मार्चमध्ये निघालेली आणि दोन्हींची तारीख मे महिन्यातलीच, लिओनिदास 14 मे 1879 ला फिजीच्या लेवुका बंदराला लागलं आणि सीरिया 11 मे 1884 ला फुटलं.

लिओनिदासवर माणसं मेली ती रोगानं. कॉलरा आणि देवी, दोन्ही जहाजावरच सुरू झालेले, त्यामुळे लेवुकाला पोचूनही कुणाला गावात पाऊल टाकू दिलं नाही, शेजारच्या यानुदा लाइलाई या छोट्या बेटावर क्वारंटाइन. आज वाचताना हे फार निष्ठुर वाटतं, पण चारच वर्षांपूर्वी, 1875 मध्ये, बाहेरून आलेल्या गोवरानं फिजीतली अंदाजे 40,000 माणसं गेली होती, तेव्हा सरकार घाबरलेलं असणारच. गंमत (कसली गंमत) म्हणजे ही माणसं आणायचं कारणही फिजियन लोकच, गव्हर्नर आर्थर गॉर्डनला त्यांना मळ्यांवर राबवायचं नव्हतं, आधी मॉरिशस आणि त्रिनिदादला गव्हर्नर राहिल्यामुळे भारतीय मजुरांची पद्धत त्याला माहीत होती, मग तीच इथे आणली. मळेवाले मात्र सुरुवातीला या भारतीयांना घ्यायला फारसे राजी नव्हते!

सीरियाची गोष्ट एकदम वेगळी. प्रवास जवळजवळ संपलेला, आणि रविवारी रात्री रेवा नदीच्या बाजूच्या नासिलाई खडकावर, म्हणजे प्रवाळाच्या रीफवर, जहाज चढलं. मदत मागायला एक होडी लेवुकाला गेली, ती पोचून बातमी राजधानी सुवाला कळून बचावाच्या बोटी येईपर्यंत 13 तारीख उजाडली, तोवर लाटांनी जहाज मोडत आणलेलं. फिजी सरकारचा मुख्य डॉक्टर विल्यम मॅकग्रेगर बचावाला पुढे होता, त्याबद्दल त्याला अल्बर्ट मेडल, म्हणजे जीव वाचवण्यासाठीचं ब्रिटिश शौर्यपदक, मिळालं. मेले 59, त्यातले 56 मजूर आणि त्यांची बायकापोरं, आणि 3 लस्कर म्हणजे जहाजावरचे आशियाई खलाशी. हे 3 लोक बऱ्याचदा हिशेबातून गळतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

म्हणजे कुठे लेवुका, कॉलरा, क्वारंटाइन वाचलंत तर ते लिओनिदास, आणि नासिलाई, मॅकग्रेगर वाचलंत तर सीरिया. एवढं पक्कं धरलं तरी पुरे.

आणि हो, यातलं एकही मुंबईहून सुटलेलं नाही. मुंबईहून मराठी मजूर गेले ते मॉरिशसला, फिजीची भरती कलकत्त्याहून, पुढे 1903 पासून मद्रासहूनही. आपला संबंध येतो तो गोखल्यांमुळे, 1912 मध्ये त्यांनी ही पद्धत बंद करायचा ठराव व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात मांडला आणि सरकारी मतांनी तो पडला. फिजीला शेवटचं जहाज 1916 मध्ये गेलं, तोपर्यंत 60,000 च्या वर माणसं गेली होती. 2023 पासून फिजीत गिरमिट डेची सार्वजनिक सुट्टी असते, ती लिओनिदासच्या 14 मेवरून आलेली, सीरियाच्या 11 मेवरून नाही.