मधुमेहाचं स्वस्त औषध: अर्ज कुठे अडतो, आणि बदलल्यावर काय पाहायचं

आरोग्य विमा असो की नोकरीच्या ठिकाणची योजना, महागड्या मधुमेहाच्या औषधाला मंजुरी देण्याआधी बहुतेक ठिकाणी एकच विचारतात: स्वस्त औषध घेऊन पाहिलंत का? नाही म्हटलं तर औषध बदलावं लागतं. हो म्हटलं, तर पुरावा द्यावा लागतो, आणि बहुतेक अर्ज त्यावरच परत येतात.

आधी चिठ्ठी नीट पाहा. फक्त कंपनी बदलून घटक तोच राहणार असेल, तर वेगळा अर्ज सहसा लागतच नाही. धोका दुसराच असतो. घरात जुनी पट्टी उरलेली असते, नवी येते, नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू राहतात. डोस दुप्पट! दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीच्या बाबतीत हे फार होतं.

फॉर्म, ओळखपत्र, बिलं यांत कुणी फारसं अडत नाही. अडतं ते ‘आधीचं औषध सोसलं नाही’ या नोंदीपाशी. ती कुणाकडेच नसते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या स्वस्त गोळीनं पोट बिघडलं, पेशंटनं गोळी आपणहून सोडली, डॉक्टरांनी दुसरी लिहिली. कारण कागदावर आलंच नाही. मग ‘मेटफॉर्मिन चालत नाही’ एवढी एक ओळ जोडतात आणि अर्ज नामंजूर होतो. पत्रात डोस, कधीपासून कधीपर्यंत घेतलं, नेमका त्रास काय झाला, आणि गोळी साधी होती की हळूहळू विरघळणारी, हे सगळं हवं. साधी न सोसणाऱ्या अनेकांना दुसरी सोसते, म्हणून तपासणारा ते विचारणारच. नोंद नसेल तर केमिस्टकडची जुनी बिलं काढा, त्यावरून औषध कधी थांबलं ते दिसतं. पत्र मात्र आजच्याच तारखेचं घ्या. मागची तारीख टाकून मागू नका.

मूत्रपिंडाचा रिपोर्टही असाच अर्धवट जोडतात. नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही, ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) हवा. तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत, ३० ते ४५ मध्ये नव्यानं सुरू करत नाहीत. एवढ्या एका आकड्यावर स्वस्त औषध घेऊन पाहण्यातून सूट मिळू शकते, आणि लोक तोच जोडत नाहीत. हार्ट फेल्युअर असेल तर पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी नको, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. वय जास्त असून जेवणाच्या वेळा अनियमित असतील तर ग्लिबेनक्लामाइड या गोळीनं साखर फार खाली जाऊ शकते, तेही पत्रात येऊ द्या.

आता तारखा. ‘गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसी’ (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) हे सहसा अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. बदलानंतरचा रिपोर्ट मात्र नवं औषध सुरू होऊन तीन महिने झाल्यावरचा हवा. महिन्याभरात केला तर त्यात जुन्या औषधाचाच बराच भाग असतो, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवा येतो. पत्रात तसं लिहून फ्रुक्टोसामिन (दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी) करता येईल का ते विचारा. नामंजुरीवर अपिलाची मुदत पत्र हातात पडल्यापासून धरू नका. कुठल्या दिवसापासून ती मोजायची, हे त्याच पत्रात बारीक अक्षरात असतं.

निर्णय लागेपर्यंत जुनं औषध बंद करू नका. इन्सुलिन तर अजिबातच नाही, टाइप १ असेल तर ते जिवावर बेततं. पेनऐवजी बाटलीचं इन्सुलिन मिळालं तर बाटलीवर ४० युनिटचं आहे की १०० चं ते पाहून तसलीच सिरिंज घ्या. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं भरलं की अडीचपट डोस जातो. ही चूक कागदपत्रांच्या यादीत कुठंच छापलेली नसते.

पहिले काही आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, तारीख-वेळेसह लिहा. जुन्या औषधावरचे आठवड्याभराचे आकडे आधीच हाताशी असू द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. या तपासण्यांना जादा स्ट्रिप्स लागतात. त्यांची मागणी याच अर्जात, डॉक्टरांच्या सहीसह टाका. नंतर मागितल्या तर बहुधा पुन्हा नवा अर्ज भरायला लावतात.