स्टीलच्या पातेल्यात ठेवल्याने फोनची रेंज वाढते का?

तंबू ठोकायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवा, रेंज वाढते, हॉटस्पॉट लांब जातो.

प्रत्यक्षात धातू रेडिओ लहरी परतवतो. डिश अँटेनाही धातूचीच असते, त्यामुळे हे पटणं स्वाभाविक आहे. पण डिशचा आकार मोजून केलेला असतो आणि तिचं तोंड सिग्नलच्या दिशेला असतं. पातेल्याचं तोंड आभाळाकडे, टॉवर मात्र बाजूला. म्हणजे नेमकी हवी ती दिशा आपणच झाकतो.

पडताळा सोपा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, दिसतो. आकडा उणे असतो. उणे ११० पेक्षा उणे ९० चांगला, आणि साधा नव्हे, शंभरपट. आकडा आपोआपही हलतो, म्हणून पातेल्यात आणि बाहेर आलटून पालटून पाहा.

खरा फरक उंचीने आणि मोकळ्या दिशेने पडतो. दाजीपूरच्या दाट झाडीत, दरीच्या कुशीत सिग्नल अडतो; मसाई पठारासारख्या उघड्यावर, टॉवरकडच्या कडेला तो सुधारण्याची शक्यता जास्त. फोन तिथेच उंच टांगा, हॉटस्पॉट लावा आणि तंबू जवळ ठेवा. कड्याच्या अगदी टोकाला मात्र जाऊ नका.