पार्श्वभूमी : 'गुणगौरव' आणि त्यातले गुण

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की वरच्या ओळीत दोन शब्द हमखास दिसतात: 'स्नेहसंमेलन' आणि 'गुणगौरव'. पैकी पहिला कोल्हापुरात कुणी तोंडानं उच्चारत नाही. 'गॅदरिंग' म्हणतात, 'गॅदरिंगला घेतलंय काय पोराला?' असं विचारतात. दुसरा शब्द मात्र तोंडीसुद्धा चालतो, आणि गेल्या पंधरा वर्षांतला सगळा घोळ त्याच्याच भोवती झाला आहे. परीक्षेतले मार्क म्हणजे गुण, आणि अंगचं चांगलेपण म्हणजेही गुण. गौरव नेमका कुठल्या गुणांचा, हे पत्रिका छापणाऱ्याला ठरवावं लागत नव्हतं तोवर काही बिघडलं नव्हतं.

जुना काळ थोडक्यात. शाहू महाराजांचा 1917 चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. मार्च 1918 मध्ये चिखलीपासून सुरुवात झाली, आणि महाराज गेले त्या 1922 सालापर्यंत संस्थानात अशा 420 शाळा आणि त्यांत 22,007 मुलं झाली होती. तेव्हाचा प्रश्न मूल शाळेत येतं का, एवढाच होता. न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पहिला कोण आला याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. कौतुक करायची रीत गावानं शिकली ती दुसरीकडून. खासबाग मैदान 1912 चं. तिथं जिंकलेल्या मल्लाला फेटा, खांद्यावर गदा, पुढं हलगी आणि मागं अख्खी पेठ. आज शिष्यवृत्तीत आलेल्या दहा वर्षांच्या पोराला फेटा बांधून गल्लीतून फिरवतात, ती रीत आखाड्यातून आलेली आहे. हा माझा तर्क. पण हलगीचा ठेका ऐकला की दुसरं काही सुचत नाही.

1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, 1972 अखेर शहराची महानगरपालिका झाली. शाळांच्या पाट्या बदलल्या, भिंती त्याच राहिल्या. या सगळ्यात आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट एकच: 1954-55 पासून सुरू झालेली शिष्यवृत्ती परीक्षा. चौथी आणि सातवी. भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी, प्रत्येकी शंभर. प्राथमिक शाळेच्या पोराचं नाव शाळेच्या फाटकाबाहेर नेणारं पहिलं साधन हेच. त्याआधी सातवीची 'फायनल' होती, पण ती पास झालेला माणूस मास्तर व्हायच्या वयाचा असायचा.

आमच्या वेळचं, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं सांगतो. बक्षीस समारंभ 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर व्हायचा. टेबलावर चादर, चादरीवर बक्षिसं: पहिल्याला कंपासपेटी, दुसऱ्याला दोनशे पानी वही, तिसऱ्याला शंभर पानी. धावण्याची शर्यत, लिंबू-चमचा, हस्ताक्षर, पाठांतर आणि वार्षिक परीक्षेतला नंबर, सगळ्यांची बक्षिसं एकाच टेबलावर आणि एकाच आकाराची. हे महत्त्वाचं आहे. लिंबू-चमच्यात पहिला आलेला आणि गणितात पहिला आलेला यांच्या कंपासपेट्या सारख्याच असायच्या, आणि गल्लीत परतल्यावर कुठली पेटी कशाची हे कुणी विचारायचं नाही. गॅदरिंगला मोठ्या शाळा केशवराव भोसले नाट्यगृह घ्यायच्या, आमच्यासारख्या लहान शाळा अंगणातच बाकं जोडून स्टेज करायच्या. लेझीम, मर्दानी खेळ आणि पावनखिंडीचा एक प्रसंग ठरलेला. बाजीप्रभूंचा पट्टा पुठ्ठ्याचा असे आणि चौथ्या-पाचव्या वाराला वाकत असे.

आता मूळ मुद्दा. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला राज्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. पहिली ते आठवीच्या प्रगतिपत्रकावर गुणांच्या जागी श्रेणी आली. 'कायद्यानं नंबर बंद केले' हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. मूळ कायदा म्हणत होता की मुलाला एकाच वर्गात मागं ठेवू नका (पाचवी-आठवीपुरतं हे 2019 च्या दुरुस्तीनं बदललं), प्राथमिक शिक्षण पुरं होईतो बोर्डाची परीक्षा लादू नका, मूल भीती, आघात आणि चिंतेपासून मोकळं राहील असं शिकवा, आणि त्याचं मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी करा. बक्षीस किंवा गुणगौरव याबद्दल त्यात एक अक्षर नाही. नंबर गेले ते श्रेणीच्या तक्त्यामुळं. अ-1 म्हणजे 91 ते 100. एक्क्याण्णववाला आणि नव्याण्णववाला एकाच घरात. आता वर्गात अकरा जण अ-1 आले तर कंपासपेटी कुणाला द्यायची?

शाळांनी याची तीन उत्तरं काढली. काहींनी प्रगतीची बक्षिसंच बंद केली आणि फक्त स्पर्धांची ठेवली. काहींनी सगळ्यांनाच प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. आणि बऱ्याच शाळांनी वरून श्रेणी, आतून नंबर अशी दुहेरी वही ठेवली; बाईंच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बेरजेचा कागद असायचा आणि ओळखीच्या पालकाला तो हळूच दाखवला जायचा. हे तिसरं उत्तर सर्वांत वाईट होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. नंबर राहिलाच, फक्त तो ओळखीवर कळू लागला.

दुसरीकडे त्या शासन निर्णयात एक चांगली गोष्ट होती, आणि तिची जास्त हेळसांड झाली. आकारिक मूल्यमापन. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिकचे, सत्राअखेरच्या लेखी-तोंडी परीक्षेचे, म्हणजे संकलितचे, तीसच. तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं वर्णनात्मक नोंद लिहायची. म्हणजे गुणांचा दुसरा अर्थ पहिल्यांदाच कागदावर आला होता. झालं असं की बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, मागाहून मोबाइलवर फाइली आल्या. 'परिसरातील प्राण्यांविषयी आपुलकीने बोलतो.' 'स्वतःच्या शब्दांत गोष्ट सांगतो.' एका वर्गातल्या सात मुलांना प्राण्यांविषयी एकसारखीच आपुलकी. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस मुलं, आठ-नऊ विषय, दोन सत्रं, आणि मध्ये जनगणना-निवडणूक. पण एक नोंद मला आठवते. एका मुलाच्या पत्रकावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वर्गातली घड्याळं, पेन, कुलपं दुरुस्त करतो. विचारल्याशिवाय बोलत नाही.' 1 मेच्या झेंडावंदनानंतर निकाल वाटताना त्याच्या आईनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे नंबर कितवा, बाई?"

आईचं चुकलं असं म्हणवत नाही. तिच्या हातात दुसरं माप कुणी दिलंच नव्हतं.

आणि याच सुमारास बाहेर एक माप शाबूत होतं: शिष्यवृत्ती. ती परीक्षा या सगळ्या श्रेणी-व्यवस्थेच्या बाहेर राहिली. तिच्यात गुण होते, गुणवत्ता यादी होती, राज्यात कितवा हेही होतं. शाळेतल्या नंबराची भूक तिकडे वळली. कोल्हापूर जिल्ह्याला या परीक्षेचं वेड आधीपासूनच होतं. भुदरगड तालुक्याची तयारीची पद्धत तर 'भुदरगड पॅटर्न' म्हणून बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षकही ओळखतात. डोंगराळ तालुका, कारखानदारी थोडी, तेव्हा पोराला वर काढायचा रस्ता हाच, असा त्यामागचा हिशेब. जादा तास सकाळी आठला, सुट्टीत सराव, रात्री शाळेत अभ्यासिका. शहरात पालिकेच्या एका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात, तेही बरंचसं या यादीमुळंच. पालिकेच्या शाळा ओस पडतात म्हणून रडणाऱ्या शहरांना हे दृश्य नवल वाटेल. इथं त्याची सवय झाली आहे.

पण म्हणून गुणगौरवाचा अर्थ आक्रसला. टेबलावर एकसारख्या कंपासपेट्या असायच्या, तिथं शिष्यवृत्तीधारकांना फेटा, सन्मानचिन्ह, सायकल आणि इतरांना प्रमाणपत्र अशी उतरंड झाली. लेझीमवाल्यांना टाळ्या. 2010 च्या निर्णयाला मुलांमधली चढाओढ कमी करायची होती. आमच्याकडे ती कमी न होता चाळीसांतल्या आठांपुरती उरली, आणि बाकीचे बत्तीस प्रेक्षक झाले.

मग 2016-17 मध्ये शिष्यवृत्ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली. कारण तर्काला धरून होतं: नव्या कायद्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी आणि उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. पेपर तीनाऐवजी दोन झाले, एकूण गुण तेच 300. पण महाराष्ट्रातल्या हजारो शाळा पहिली ते चौथीच्याच आहेत, हे त्या तर्कात कुठं बसत नव्हतं. त्या शाळांनी चार वर्षं घडवलेली पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाऊ लागली आणि गौरव त्या शाळेच्या खात्यावर पडू लागला. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फलक आहे. हिरवा रंग, वर पिवळ्या अक्षरांत 'शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी', खाली साल आणि नावं, पांढऱ्या ऑइलपेंटनं. दरवर्षी जूनमध्ये एकच पेंटर यायचा. त्याच्या 'श'ची गाठ ओळखू येते. 2015 नंतर फलक कोरा आहे. कार्यक्रमाला आलेले पाहुणे फलकासमोर थांबतात आणि 'अलीकडं दर्जा घसरला वाटतं' असं म्हणतात. दरवेळी त्यांना परीक्षेची इयत्ता बदलल्याचं सांगावं लागतं, आणि त्यांना ते पटलेलं नसतं.

त्या रिकाम्या जागेत 'उपक्रम' शिरले, हे मात्र चांगलं झालं. बालबाजार भरवायचा, घरून भाजी, चिरमुरे, कांदाभजी आणून विकायची आणि हिशेब लिहायचा, ही कल्पना जुनीच. पण आता तिची नोंद होऊ लागली. 2024 पासून शनिवारी उपक्रम घ्यायचा 'आनंददायी शनिवार' आला. पहिलीच्या एका मुलीनं बालबाजारात चौदा रुपयांची कोथिंबीर वीस रुपयांना विकली आणि नफा विचारल्यावर म्हणाली, 'सहा, पण आज्जीला रिक्षाचे दहा लागले.' याची श्रेणी काय लावणार? बाईंनी वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक सांगितलं आहे, ज्यात मूल स्वतःबद्दल आणि सोबतीही त्याच्याबद्दल लिहील. तयार नोंदींचा व्यापार तिथं पोचायला किती दिवस लागतील ते बघायचं.

फ्लेक्सचं वेगळंच प्रकरण आहे. पूर्वी नाव फलकावर जायचं, आता चेहरा चौकात जातो. निकाल लागला की मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो मोठा आणि यश मिळवलेल्या पोराचा छोटा, असे बोर्ड पेठेपेठेत लागतात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज कुणा ना कुणाचा सत्कार. 2023 च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. पण इथं संमती काय, आग्रहच असतो. उलट, ज्याचा फोटो एकदाही ग्रुपवर आला नाही त्याच्या घरून विचारणा होते. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत यावरून दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की महिन्यातून एकदा सगळ्या वर्गाचा एकच फोटो टाकायचा. तीन महिने पाळलं गेलं.

गॅदरिंगचं स्टेजही बदललं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आणि ज्या पिढ्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो त्याच रंगमंचावर, त्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. 1915 पासूनची वास्तू. आम्ही अंगणवाले तिथं कधी नाचलो नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मीही तिकडे जाऊन उभा राहिलो होतो.

ताजी घडामोड शिष्यवृत्तीचीच. 2025 मध्ये राज्यानं परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचं ठरवलं, आणि 2025-26 या एका वर्षात चारही इयत्तांना, म्हणजे चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीलाही, ती देता येईल अशी सोय केली. रक्कमही आता आधीच्यासारखी नाममात्र राहिलेली नाही. 2023-24 पासून पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला वर्षाला 5,000 आणि आठवीच्याला 7,500 रुपये झाले. निर्णयाचं स्वागत करणारे बहुतेक चौथीपर्यंतच्या शाळांचे शिक्षक आहेत, आणि त्यांच्या आनंदाचं कारण मुलांपेक्षा फलकाशी जास्त आहे. तिसरीच्या पालकांनी जादा तासांची चौकशी सुरूही केली.

समितीच्या बैठकीत विषय निघाला की फलक पुन्हा रंगवून घ्यावा. जुना पेंटर आता काम करत नाही. त्याचा मुलगा रेडियमची अक्षरं कापून चिकटवतो. तो येऊन माप घेऊन गेला. खाली अकरा ओळींची जागा आहे म्हणाला. एका बाईंनी विचारलं की 2016 पासूनची साल लिहून पुढं नुसती रेघ ओढायची, की त्या वर्षांतल्या बालबाजाराची, लेझीमची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची नावं घालायची. यावर बराच वेळ बोलणं झालं. फलकावर वर 'शिष्यवृत्तीधारक' लिहिलेलं आहे, ते आधी खोडावं लागेल, असं मुख्याध्यापक म्हणाले. पेंटरच्या मुलानं खोडायचे वेगळे पैसे सांगितले.